अंत्यविधीला वाजणारी ल्यूट: कोणत्या तारा साथ देतात, कोणत्या दगा देतात

ल्यूट म्हणजे युरोपातलं जुनं, बोटांनी छेडायचं तंतुवाद्य. त्याच्या तारांची परीक्षणं बहुतेक वेळा शांत खोलीत बसून केलेली असतात. आवाज किती गोड, किती खुला, किती दाणेदार, एवढ्यावर निकाल लागतो. अंत्यविधीत किंवा स्मरणसभेत वाजवणाऱ्याला त्या निकालाचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथली कसोटी निराळी आहे. वाद्य बाहेरच्या थंडीतून आत येतं. पंधरा मिनिटांत दालन माणसांनी भरतं आणि हवा उबदार, दमट होते. दार चार वेळा उघडतं. वादक एकूण चाळीस मिनिटं बसतो, त्यातली जेमतेम वीस वाजवतो आणि उरलेला वेळ वाद्य मांडीवर घेऊन गप्प असतो. मग कुणीतरी मृताबद्दल बोलून खाली बसतं, दालनात श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि त्या शांततेत पहिलाच स्वरमेळ छेडायचा असतो. तो बेसूर निघाला तर सावरायची सोय नाही. खुंटीची करकर शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचते.

म्हणून या परीक्षणात तारांना दोनच मुख्य प्रश्न विचारले आहेत. चाळीस मिनिटं हात न लावता सूर धरतात का? आणि हात थांबला की आवाजही थांबतो का? गोडवा त्याच्या नंतर.

पारखीसाठी वाद्य धरलं आहे ते आठ कोर्सचं, म्हणजे आठ जोड्यांचं, रेनेसान्स (युरोपीय प्रबोधनकाळातल्या) धाटणीचं ल्यूट. पहिली तार एकटी, बाकी सात जोड्या, एकूण पंधरा तारा. कंपणारी लांबी ६० सेंटिमीटर, पहिली तार जी, पट्टी ए बरोबर ४४०, म्हणजे ए स्वराची सेकंदाला ४४० कंपनं. प्रत्येक तारेवर साधारण तीन किलोचा ताण, एकट्या पहिलीवर चारच्या आसपास. गिटारच्या तारेवर याच्या दुपटीहून जास्त ताण असतो. ल्यूटची तबली, म्हणजे वरची लाकडी पाटी, दीड ते दोन मिलिमीटर जाडीची, तिला तो झेपणारच नाही. पण ताण कमी असल्यामुळे तार थोडी जरी सैलावली तरी सूर लगेच उतरलेला कळतो. या कामात तारेची निवड इतकी महत्त्वाची का, त्याचं मूळ इथे आहे.

आधी तांत, म्हणजे जनावराच्या आतड्याची तार. ल्यूटचं सगळं जुनं संगीत हिच्यावरच घडलं. आवाजाबद्दल वाद नाही. छेडल्याक्षणी स्वर स्पष्ट उमटतो, लवकर विरतो, आणि बोटाच्या मांसल भागाला तिची किंचित खरखरीत पकड फार चांगली लागते. पण तांत ओल शोषते. दालन भरत जातं तशी हवेतली ओल वाढते आणि सूर सरकत राहतो. जाड आणि बारीक तारा सारख्या सरकत नाहीत, त्यामुळे जोड्यांमधलं सप्तक आधी फाटतं (खर्जाच्या जोडीत एक तार दुसरीच्या सप्तकभर वर लावलेली असते). पहिली तार तर दमट हवेत तासाभरात उसवायलाही लागते. बारीक तंतू सुटून उभे राहिले, बोटाला केसासारखं काही टोचलं, की ती तार संपली असं समजावं आणि कार्यक्रमाच्या आत बदलावी. दगडी, बारमाही थंड राहणाऱ्या वास्तूत, थोड्या माणसांसमोर, दहा मिनिटांच्या वादनासाठी तांत अजूनही सर्वांत सुंदर आहे. गरम केलेल्या दालनात दोनशे माणसांसमोर ती लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तांत घेताच असाल तर एक परीक्षा जरूर करा, ती सोळाव्या शतकापासून चालत आली आहे. तार वाद्यावर चढवण्याआधी वाद्यावरच्या लांबीइतकी दोन हातांत ताणून धरावी आणि अंगठ्याने छेडावी. कंपताना डोळ्यांना दोन स्वच्छ रेषा दिसल्या, मध्ये धूसर काही नाही, तर तार सच्ची. तिसरी रेषा थरथरताना दिसली तर तिची जाडी सगळीकडे सारखी नाही. अशी तार मोकळी सुरात लागते आणि पडद्यावर दाबली की बेसूर होते. मग वादक खुंट्या पिळत बसतो, आणि दोष मात्र खुंटीत नसतोच.

आता नायलगट. इटलीच्या आक्विला कंपनीची ही पांढरट, अपारदर्शक कृत्रिम तार. घनता तांतीएवढीच ठेवलेली, म्हणजे घन सेंटिमीटरला सुमारे १.३ ग्रॅम. त्यामुळे तांतीसाठी काढलेलं जाडीचं गणित जसंच्या तसं चालतं. वर सांगितलेल्या वाद्यावर पहिली तार ०.४२ मिलिमीटर, दुसरी जोडी ०.४८. याच दोन जागी नायलगट सर्वांत शोभते. आवाज साध्या नायलॉनपेक्षा खुला, ओलीची फारशी पर्वा नाही, आणि चार महिने टिकते. अंत्यविधीसाठी पहिल्या दोन कोर्सवर हीच लावावी.

तिचे दोष मात्र माहीत असायला हवेत. नवी तार बेसुमार ताणते. चढवल्यावर तीन ते पाच दिवस रोज सुरात आणावी लागते, त्याआधी तिच्यावर विसंबता येत नाही. कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात नव्या तारा चढवू नका, जुनी कितीही मळकी दिसत असली तरी. दुसरा दोष असा की पृष्ठभाग मऊ असल्यामुळे पडद्यांवर घासून खाचा पडतात. तार थोडी सैल करून खालच्या अंगाला नख फिरवलं की पहिल्या तीन पडद्यांपाशी नख अडकतं. खाच लागली की तार तिथे सच्ची राहत नाही आणि पुढे तिथेच तुटते. तिसरी गोष्ट, मेरूची, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीची, खाच धारदार असेल तर नायलगट तिथे कापली जाते. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासावं, म्हणजे तार घसरतेही गुळगुळीत आणि पिळताना टक्‌कन उडी मारत नाही. ही उडीच बहुतेक तारा तोडते.

पहिली तार तुटते म्हणून बारीक घेतात, हा समज चुकीचा आहे. तार कोणत्या सुराला तुटेल ते तिच्या जाडीवर ठरत नाही. लांबी आणि सूर यांवर ठरतं. तारेची लांबी मीटरमध्ये घ्या आणि तिला सुराच्या कंपनसंख्येने गुणा. ०.६० गुणिले ३९२ म्हणजे २३५. हा आकडा २४० च्या आसपास असेल तर तांत आणि नायलगट दोन्ही निभावतात. ६६ सेंटिमीटरचं वाद्य याच सुराला लावलं तर २५९ येतो, आणि मग तार कधी जाईल याचा नेम नाही. अशा वाद्याची पट्टी उतरवणं हाच उपाय आहे. तार बारीक घेतल्याने आवाज पातळ होतो, आयुष्य वाढत नाही.

पट्टीचा प्रश्न अंत्यविधीत हमखास येतो, कारण मध्ये ऑर्गनवर सामूहिक गीत असतं आणि ऐन वेळी कुणीतरी सुचवतं की ल्यूटनेही साथ करावी. ऑर्गन ४४० ला, ल्यूट ४१५ ला. वादक सगळ्या तारा अर्धा सूर चढवतो, म्हणजे ताण एकदम बारा टक्क्यांनी वाढतो. पहिली तार जाते, आणि ती टिकली तरी तबलीवरचा भार वाढल्याने बाकीच्या तारा पुढचा अर्धा तास उतरत राहतात. आदल्या आठवड्यात एका फोनवर पट्टी विचारून घ्यावी आणि त्याप्रमाणे जाडी निवडावी. ४१५ साठी पहिली तार ०.४४, ४४० साठी ०.४२. दोन्हींचं काम एका संचावर भागवू नये.

मधल्या जोड्यांसाठी कार्बन, म्हणजे फ्लुरोकार्बनची तार. तिची घनता १.८ च्या जवळ, म्हणून तेवढ्याच ताणाला ती बारीक बसते. चौथ्या जोडीला एफ सुरासाठी नायलगट ०.८२ लागते आणि तिचा आवाज बोथट येतो, कार्बन ०.७० पुरते आणि स्वच्छ वाजते. तिसऱ्या जोडीला ०.५५. ती पाणी शोषत नाही, ताणून लवकर स्थिरावते, दोन दिवसांत विसंबण्यासारखी होते. आवाज थोडा काचेसारखा आहे हे खरं. बोट तबलीच्या गुलाबाकडे, म्हणजे जाळीदार नक्षीकडे सरकवून छेडलं की तो मऊ होतो. घोडीजवळ, म्हणजे तबलीवर तारा बांधतात तिथे, वाजवलात तर मात्र ती शांत दालनात कानाला बोचेल. पहिल्या तारेसाठी कार्बन नको. ०.३६ ची ती तार बोटाच्या मांसात रुतते आणि वरचा स्वर चिरका येतो, तोही नेमका सगळ्यांचं लक्ष असलेल्या स्वरावर.

खर्जाचा प्रश्न सर्वांत अवघड आणि या कामात सर्वांत महत्त्वाचा. सहाव्या जोडीचा जी साध्या तांतीवर घ्यायचा तर जाडी १.४ मिलिमीटर होते, आठव्या जोडीचा डी घ्यायचा तर जवळजवळ १.९. इतकी जाड तार घुमत नाही, नुसती थपकते. यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे तांब्याच्या बारीक तारेचे वेढे दिलेली खर्ज. अशा वेढ्याच्या तारा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या. आज मिळतात त्यांत आत रेशमासारखे नायलॉनचे धागे आणि वर चांदीचा मुलामा दिलेलं तांबं असतं. सूर उत्तम धरतात. पण नवी असताना त्या आठ-दहा सेकंद घुमत राहतात. शोकप्रसंगी हा दोष जीवघेणा आहे. वादकाने शेवटचा स्वर दिला, बोलणारा उठला, त्याने मृताचं नाव घेतलं आणि खाली अजून डी घुमतो आहे. प्रत्येक खर्ज अंगठ्याने विझवावी लागते, आणि अंगठा त्याच वेळी पुढच्या स्वरावर हवा असतो. डावा हात सरकला की वेढ्यांवर चर्र असा आवाजही येतो.

वेढ्याच्या तारा लावायच्याच असतील तर वापरून जुन्या झालेल्या लावा. महिनाभर रोज वाजवलेली तार चमक गमावते, घुमणं निम्म्यावर येतं. एरवी अशी तार बदलायला झाली म्हणतात, इथे ती कामाला आली असं समजावं.

दुसरा उपाय भारित तारेचा. कृत्रिम पदार्थात तांब्याची भुकटी मिसळून घनता वाढवलेली ही लालसर तपकिरी, गुळगुळीत तार. वेढे नाहीत, म्हणून चर्र नाही. घुमणं तांतीच्या जवळ जाणारं, म्हणजे स्वर देते आणि बाजूला होते. जोडीतल्या वरच्या सप्तकाच्या तारेशी तिचा रंग जुळतो. वेढ्याच्या तारेत दोन वेगळी वाद्यं वाजल्यासारखं होतं, तसं इथे होत नाही. अंत्यविधीसाठी आमची पसंती हिलाच. ती नवी असताना नायलगटपेक्षाही जास्त ताणते, आठवडाभर दम धरावा लागतो. बांधताना घोडीपाशी एक वेढा जास्त द्यावा, कारण गुळगुळीत असल्याने गाठ घसरते. आणि तिला कधीही खुंटीजवळ दुमडू नये, दुमड पडली की तिथे तुटते.

तेव्हा संच असा: पहिली आणि दुसरी नायलगट, तिसरी ते पाचवी कार्बन, सहावीपासून खाली भारित, आणि त्यांच्या सप्तकाच्या जोडीदार तारा नायलगट. इतके पदार्थ एकत्र आले की तापमान बदलल्यावर ते सारखे हलत नाहीत, ही या संचाची खरी उणीव. तिच्यावर एकच इलाज, वाद्य पेटीबाहेर काढून वाजवायच्या जागीच पाऊण तास ठेवायचं आणि मग जुळवायचं. पहिल्या वीस मिनिटांत जुळवलेलं सगळं वाया जातं. लोक येण्याआधी एकदा आणि अर्धे लोक बसले की एकदा, येणाऱ्यांच्या पावलांच्या आवाजात. त्यानंतर खुंटीला हात नाही.

खुंट्या गरम कोरड्या हवेत आकसतात आणि सुटतात, तार एकदम मोकळी होते. साबण आणि खडू चोळलेली खुंटी थंडीत जाम होते आणि उन्हाळ्यात घसरते, म्हणून दुकानात मिळणारा खुंटीचा लेप वापरावा, तोही शेंगदाण्याएवढाच. पडदे तांतीचेच बांधलेले असतात. ते सैल झाले की दाबताना सरकतात, आणि वादक तारेला दोष देतो. जाण्याआधी प्रत्येक पडदा बोटाने ढकलून पाहावा.

तारा निवडताना काय वाजवणार हेही ठरलेलं असावं. शोकाचं संगीत ल्यूटला परकं नाही. फ्रेंच वादकांनी गेलेल्या गुरूंसाठी आणि मित्रांसाठी तोंबो, म्हणजे समाधी, हा प्रकारच घडवला. एनमाँ गोतिएने मेझांजोसाठी, द्युफोने ब्लाँरोशेसाठी तोंबो लिहिले. बाखच्या १७२७ च्या शोकगीतात, लाइपझिगच्या स्मरणसभेत, दोन ल्यूट होती. पण यांतलं सगळंच कुठल्याही वाद्यावर वाजत नाही. जर्मन ल्यूटवादक वाइसने काउंट लोगीच्या १७२१ मधल्या मृत्यूवर लिहिलेला तोंबो बी फ्लॅट मायनरमध्ये आहे. त्यासाठी बरोक ल्यूट, म्हणजे नंतरच्या काळातली जास्त जोड्यांची ल्यूट हवी, आणि खर्जाच्या तारा त्या पट्टीप्रमाणे उतरवून घ्याव्या लागतात. तो वाजवला की पुढचं डी मायनरचं काही घेता येत नाही, सगळी खर्ज पुन्हा जुळवावी लागते, आणि शांततेत ते करता येत नाही. तो एकच वाजवायचा असेल तर जरूर वाजवावा, दुसरं काही त्याच्या मागे लावू नये. आठ कोर्सच्या ल्यूटवरही खर्जाची जोडी वेगवेगळ्या सुरांना फिरवावी लागणारे तुकडे एका कार्यक्रमात घेऊ नयेत.

इंग्रज ल्यूटवादक डाउलंडचं लॅक्रिमे पव्हान (पव्हान म्हणजे एक संथ दरबारी नृत्यप्रकार) या कामाला फार जुळतं, आणि त्याचं कारण निव्वळ भाव नाही. पव्हानला तीन भाग, प्रत्येकाची पुनरावृत्ती. लोक किती वेळात आत येतील, शवपेटी केव्हा हलेल, हे आधी सांगता येत नाही. पहिला किंवा तिसरा भाग संपला की मूळ स्वरावर येऊन थांबता येतं. दुसरा भाग पंचमावर संपतो, तिथे थांबलात तर वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. आणि हे उतरत्या चार स्वरांनी सुरू होतं. पहिला स्वर पहिल्या तारेवर, सर्वांत उघडा, त्यामुळे ती तार सच्ची आहे की नाही हे पहिल्या सेकंदालाच सगळ्या दालनाला कळतं. इटालियन ल्यूटवादक फ्रांचेस्को दा मिलानोचे छोटे रिचेरकार, म्हणजे मुक्त घाटाच्या रचना, दोन-तीन मिनिटांचे आहेत, बोलण्यांच्या मध्ये ते बरोबर बसतात.

आवाज किती पोहोचेल? चटई असलेल्या दालनात तिसऱ्या-चौथ्या ओळीपर्यंत, दगडी वास्तूत शेवटपर्यंत. जोराने छेडून काही होत नाही, कमी ताणाची तार झणझणते आणि सूर वर सरकतो. पाठीमागे कठीण भिंत घ्यावी, दार आणि हीटर दोन्हींपासून दूर बसावं, मेणबत्त्या वाद्यापासून दोन हात लांब असाव्यात. मोठ्या दालनात मायक्रोफोन लागतोच. लहान कंडेन्सर मायक्रोफोन तीस-चाळीस सेंटिमीटरवर, गुलाब आणि घोडी यांच्या मधल्या जागेकडे रोखलेला. तबलीला चिकटवायचे पिकअप इतक्या पातळ लाकडाला लावू नयेत, आवाज लाकडी खोक्यासारखा होतो. कार्बनची तार लावलेली असेल तर ध्वनी सांभाळणाऱ्याला वरच्या पट्ट्या थोड्या कमी करायला सांगावं.

आणि पहिली तार मध्येच तुटली तर? बदलू नये. नवी तार अर्ध्या तासात स्थिरावत नाही. तुटलेलं टोक पटकन बोटाला गुंडाळून खुंटीखाली दाबावं, म्हणजे ते दुसऱ्या तारांना लागून भिणभिणणार नाही, आणि उरलेलं दुसऱ्या जोडीपासून खाली वाजवावं. त्यासाठी पहिल्या तारेचा एकही स्वर नसलेला एक लहान तुकडा पाठ असणं चांगलं, खर्जाच्या अंगाने जाणारा, दोन मिनिटांचा. शिवाय पेटीत एक ०.४२ ची नायलगट, आधीच महिनाभर वाद्यावर ताणून काढून ठेवलेली, सैल वेटोळं करून असावी. ती दोन कार्यक्रमांच्या मध्ये तासभर मिळाला तर चढवता येते आणि नव्या तारेपेक्षा चौपट लवकर सूर धरते.